डिबगर जोडलेला असताना

टेस्ट पुन्हा पडली तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते, आणि हळहळायला त्या खोलीत सुमतीशिवाय कोणी नव्हतं. तिनं पडद्यावरच्या लाल ओळीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. जुलै सरत आला होता आणि पाऊस उभा कोसळत होता. एरवी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, कुणीतरी उंच धरलेल्या अंगठ्यासारखा. आज तोही ढगात गेला होता.

"आज तूपण रजेवर," सुमती त्याला म्हणाली.

घरात एकटीनं मोठ्यानं बोलायची सवय तिला गेल्या आठ महिन्यांत लागली होती. आई होती तोवर बोलायला आई होती, आणि आईचं ऐकायलाही आईच होती. कारण शेवटी शेवटी सखूबाई, तिची आई, बोलायची ते बरंचसं स्वतःशीच. विमानतळाच्या धावपट्टीखाली गाव गेलं, पनवेलच्या कडेला ही नवी वसाहत उभी राहिली, आणि अंगणातली माणसं जिन्यांना लागून असलेल्या दारांमागे गेली. आईच्या आजारपणात सुमतीनं पुण्याची खोली सोडली आणि ऑफिसचं काम इथं आणलं. दोन वर्षं निम्मं काम, निम्मी रजा. मग आई गेली. काम पूर्णवेळ झालं, पण पुण्याच्या टेबलावरची तिची जागा तोवर दुसऱ्या कुणाची झाली होती. आता ती पडद्याच्या कोपऱ्यातला एक चौकोन होती, बहुतेक वेळा माइक बंद केलेला.

काम होतं करंजाच्या मासेमारी बोटींचं. प्रत्येक बोटीवर एक डबा बसवायचा होता, डब्यावर लाल बटण. बोट अडचणीत आली की ती चालवणाऱ्या तांडेलानं बटण दाबायचं. निरोप किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे येणार, सर्व्हर तो वहीत नोंदवणार, मदतीला जाणाऱ्यांना कळवणार, आणि बोटीवरच्या डब्यावर हिरवा दिवा लागणार. हिरवा दिवा म्हणजे पोचला. सर्व्हर एक नव्हता, तीन होते, कारण एकट्याच्या भरवशावर माणसांचे जीव ठेवायचे नसतात. तिघांतला एक कारभारी, बाकी दोघं पाठीराखे. कारभाऱ्यानं दर सेकंदाला "मी आहे" असं दोघांना सांगत राहायचं. तीन सेकंद त्याची हाक आली नाही, तर तो गेला असं धरून पाठीराख्यांतला एक कारभारी व्हायचा.

हे सगळं नीट चालतं का ते बघायला सुमतीनं एक टेस्ट लिहिली होती. कुठल्याशा शहरातल्या थंडगार खोलीत आठ यंत्रं एकावर एक रचून ठेवलेली. तीन यंत्रं सर्व्हर व्हायची, पाच यंत्रं बोटी. खोट्या समुद्रातून खोट्या बोटी खऱ्या हाका मारायच्या. दर फेरीला शेकडो हाका. आणि चाळीसेक फेऱ्यांत एखादी फेरी अशी निघायची की बोटीवर हिरवा दिवा लागलेला, पण तीनही वह्यांत त्या हाकेची नोंद नाही.

साडेदहाच्या मीटिंगमध्ये वरदनं हाच विषय पहिला घेतला. वरद टीमचा प्रमुख होता. सहा वर्षांपूर्वी तो कामाला लागला तेव्हा सुमतीच्या शेजारी बसून शिकला होता आणि तिला सुमतीताई म्हणायचा. प्रमुख झाल्यावर ताई कधी गळून पडली, ते दोघांच्याही लक्षात आलं नसावं. निदान त्याच्या तरी आलं नव्हतं.

त्यानं सांगितलं ते असं. पुढच्या आठवड्यात मासेमारीची बंदी उठते. बोटी सुटायच्या आत डबे बसवून हवेत, सोमवारी रिलीज. बाकीच्या तीनशे टेस्ट हिरव्या आहेत; ही एक चंचल आहे, मनाला आलं की पडते. चंचल टेस्टपायी रिलीज अडकवता येत नाही. पाच वाजेपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर ती यादीतून काढून टाकू.

सुमतीनं माइक चालू केला. टेस्ट चंचल नाही, सॉफ्टवेअरच कुठेतरी खोटं बोलतंय, असं तिनं सांगितलं. तिनं त्यावर सविस्तर टिपण लिहून ग्रुपवर टाकलं होतं.

"हो, बघितलं ना आम्ही," चारुता म्हणाली. चारुता टीममधली सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत गोड बोलणारी.

टिपणाखाली तीन अंगठे होते खरे. प्रश्न एकही नव्हता.

"तू डिबगर जोडून बघितलंस ना?" वरदनं विचारलं.

"बघितलं. कारभाऱ्याला जोडला की दर वेळी पडते."

"मग ते डिबगरमुळे पडते, सुमती. नियम तूच लिहिलायस."

नियम तिनंच लिहिला होता. चार वर्षांपूर्वी एका नवख्यानं डिबगर जोडला, टेस्ट पाडली आणि चूक सापडली म्हणून अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं. दिवसभर बारा माणसं नसलेली चूक शोधत बसली. दुसऱ्या दिवशी सुमतीनं टीमच्या पानावर एक ओळ लिहिली: डिबगर जोडलेला असताना पडलेली टेस्ट धरू नये. पुढे माणसं बदलली, पान तेच राहिलं. ती ओळ आता नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वाचायला देत. तिच्याखाली सुमतीचं नाव अजून होतं.

पाचला सहा तास होते. तिनं चहा टाकला आणि पुन्हा डिबगर जोडला.

रिमोट डिबगर म्हणजे लांबून नाडी धरणं. इथं पनवेलात बसून दूरच्या यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रामला एक अदृश्य दोरी बांधायची, त्याच्या एखाद्या ओळीवर खूण करायची. प्रोग्राम चालत चालत त्या ओळीवर आला की जागच्या जागी थबकतो, आणि त्या क्षणी त्याच्या ओंजळीत काय काय आहे ते सगळं बघता येतं. एकटा प्रोग्राम असला तर हे सोपं. इथं आठ जणांचा मेळ. एकाला थांबवलं म्हणून बाकीचे थोडेच थांबतात? कारभारी खुणेवर थबकला की त्याचं "मी आहे"ही थबकायचं. तीन सेकंद जायचे. पाठीराखे त्याला मेलेला ठरवून नवा कारभारी करायचे. मग सगळा पसाराच निराळा, आणि सुमतीला हवी ती चूक त्या गर्दीत हरवायची.

म्हणून तिनं दुपारपर्यंत कारभाऱ्याला सोडून बाकीच्यांना दोरी बांधून बघितली. पाचही बोटींच्या यंत्रांना एकामागून एक. मग पहिला पाठीराखा, मग दुसरा. सगळे शहाण्यासारखे वागले. मधूनच ती कारभाऱ्याला थांबवायची, टेस्ट पडायची, आणि ती वहीत वेळ लिहून पुढे स्वतःच्या हातानं लिहायची: धरू नये. दोन वाजेपर्यंत अशा अकरा ओळी झाल्या. सकाळचा डाळभात तिनं गार गारच खाल्ला, उभ्यानं, पडद्याकडे बघत. वरून एक विमान गेलं. भांडी क्षणभर थरथरली आणि गप्प झाली.

पावणेतीनला कारभारी बाराव्यांदा खुणेवर थांबलेला असताना फोन वाजला. निकेश, तिचा धाकटा भाऊ, उलव्याला राहणारा. आईच्या दोन पेट्या तिच्याकडे पडून होत्या, लुगडी, लग्नांत मिळालेल्या साड्या, आणि त्या उघडायला तिला तो शेजारी हवा होता. रविवारी येशील का, म्हणून तिनं परवा विचारलं होतं. तो म्हणाला की मनिषाच्या माहेरी कार्यक्रम आहे, मुलांचे क्लास आहेत, पण बघतो. मग बराच वेळ मुलांच्या क्लासबद्दल बोलला. सुमती हूं हूं करत राहिली. त्यालाही एकीकडे काहीतरी काम चालू होतं, कारण त्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली.

"मग रविवारचं?" तिनं शेवटी विचारलं.

"हां हां. कळवतो ना."

फोन ठेवून ती पडद्यापाशी आली तेव्हा दहा मिनिटं होऊन गेली होती. कारभारी तसाच उभा होता, ओंजळीत एका बोटीची हाक घेऊन. पाठीराख्यांनी त्याला केव्हाच मोडीत काढलं होतं. नव्या कारभाऱ्यानं दोनअडीचशे हाका नोंदवल्याही होत्या. आता ही फेरी फुकट, असं म्हणत तिनं कारभाऱ्याला पुढे जाऊ दिलं, आणि सहज म्हणून तो काय करतो ते बघत राहिली.

तो जागा झाला. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. जिथं थांबला होता त्याच्या पुढच्याच ओळीवर त्यानं पाऊल ठेवलं, हाक आपल्या वहीत लिहिली, आणि बोटीला रुबाबात सांगितलं: पोचला. बोटीवर हिरवा दिवा लागला. पुढच्या सेकंदाला त्याला इतरांकडून कळलं की आपण आता कारभारी नाही. तेव्हा त्यानं आज्ञाधारकपणे आपली वही पुसली आणि नव्या कारभाऱ्याची वही उतरवून घेतली. त्या वहीत ती हाक नव्हती.

हे सगळं सकाळीही घडलं असणार. पण तेव्हा थांबणं चार-पाच सेकंदांचं, सगळ्या ओळी एकमेकींवर चढलेल्या. आता मध्ये दहा मिनिटांची मोकळी जागा पडली होती, आणि अलीकडची ओळ अलीकडे, पलीकडची पलीकडे, भांगासारखी स्वच्छ दिसत होती.

सुमती खुर्चीत मागे टेकली. तिला हरेशमामाच्या मुलीचं लग्न आठवलं.

सखूबाई धवलारीण होती. आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारणीचा मान; मांडवाच्या खांबापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या ओठांवर, आणि तिनं गाणं म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकायचा नाही. ती गायची, सुनंदामावशी तिच्या मागून ओळ उचलायची. आईला खोकल्याची उबळ आली की मावशी न थांबता पुढे न्यायची. आणि दम परत आला तरी आई एकदम तोंड घालायची नाही. आधी ओळभर ऐकायची, गाणं कुठवर आलंय ते बघायची, मग हलकेच आपला सूर त्यात सोडायची.

हरेशमामाच्या मुलीच्या लग्नात मात्र तिला गाता गाता झापड आली. आजार तेव्हा नुकता सुरू झाला होता. भिंतीला टेकून ती तासभर तशीच बसली, डोळे उघडे, पण कुठेच नसलेली. मावशीनं गाणं पुढे नेलं. हळद झाली, आंघोळ झाली, नवरीचा मामा तिला बोहल्यावर घेऊन निघाला. आणि तेव्हा आई जागी झाली, आणि या खेपेला ऐकायला न थांबता, जिथं सोडलं होतं तिथूनच तिनं खणखणीत आवाजात उचललं:

वाऱ्या भावा, थांब थोडा मांडवाच्या दारी,
हलदीच्या पान्याची अजून भरली नाय घागरी.

मांडवात एकाच वेळी दोन गाणी झाली. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, हो गो सखू, गा तू, ऐकतोय आमी. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळे बोहल्याकडे निघून गेले. आई शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली. सुमती तिच्याजवळ बसून होती. संपल्यावर आईनं तिला विचारलं, "बरोबर झाला ना गो?" आणि सुमतीही म्हणाली होती, "हो."

ते "हो" तिला अजून परत घेता आलं नव्हतं.

आईला झोपवायला कुणी दोरी बांधली नव्हती. ती आपली आपण थांबली होती. सुमती ताडकन सरळ बसली. यंत्रही आपलं आपण थांबत असेल तर?

तिनं जुनं काढायला घेतलं. डिबगर न जोडता, स्वच्छपणे पडलेल्या फेऱ्या दीड महिन्यात एकतीस झाल्या होत्या. प्रत्येक यंत्र आपण काय करतोय याची वेळेनिशी टिपणं ठेवतं. एकतीस फेऱ्यांची कारभाऱ्याची टिपणं तिनं एकाखाली एक लावली. पहिल्या फेरीत सेकंदामागून सेकंद ओळी होत्या, आणि मग एका ठिकाणी चार सेकंद काहीच नाही. दुसऱ्या फेरीत साडेतीन सेकंद. तिसरीत पाच. यंत्राची स्मृती भरली की ते सगळं काम टाकून आधी आतला कचरा आवरतं. एरवी पापणी लवण्याएवढा वेळ लागतो, पण क्वचित, फार ओझं असलं की, तीन सेकंदांच्या वर. तेवढ्यात त्याचा कारभार गेलेला असे. जागं झाल्यावर ते कुणालाही काही न विचारता बोटीला पोचला म्हणे.

एकतीसच्या एकतीस. खोट्या समुद्रावर हे होत होतं, तर खऱ्या समुद्रावर, जिथं वादळात चाळीस बोटी एकदम बटण दाबतील, तिथं होणारच होतं. तिच्या डिबगरनं काही वेगळं केलंच नव्हतं. यंत्राला स्वतःहून लागणारी झापड त्यानं फक्त मागणी केल्यावर लावून दाखवली होती. दीड महिना चूक तिच्यासमोर येऊन उभी राहत होती, आणि दीड महिना ती आपल्याच हातानं तिच्यापुढे लिहीत होती, धरू नये.

चार वाजून दहा मिनिटांनी तिनं वरदला फोन लावला. ग्रुपवर लिहिलं नाही. त्यानं सगळं ऐकलं. मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. तिला बरं वाटलं. त्याचं म्हणणं पडलं की चूक खरी आहे, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील, पण सोमवार आता त्याच्या हातात नाही. करंजाची मच्छीमार सोसायटी डब्यांची वाट बघतेय. चाळीस फेऱ्यांतून एकदा होणाऱ्या गोष्टीसाठी नाही कसं म्हणायचं? एकदा बसवू, नंतर दुरुस्ती पाठवू.

"तूच बोल धर्मराज काकांशी," तो म्हणाला. "ते थांबायला तयार असले, तर मी टेस्ट ठेवतो. पाचच्या आत सांग."

म्हणजे टेस्ट राहणार की जाणार, ते आता धर्मराजांच्या हातात होतं. धर्मराज सोसायटीचे सेक्रेटरी, स्वतः तीस वर्षं तांडेल. सुमती त्यांना कधी भेटली नव्हती. फोन तिसऱ्या खेपेला लागला. मागे हातोड्यांचे आवाज होते. कुणीतरी बोटीची डागडुजी करत असावं.

"कोन? कंपनीतनं? डबं घेऊन कवा येताय?"

तिनं सांगितलं की डबे सोमवारी येऊ नयेत म्हणूनच फोन केलाय, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. तिकडून एक लांब श्वास आला. मग धर्मराजांनी बरंच ऐकवलं. दोन वर्षं फेऱ्या मारतोय तुमच्या, दर वेळी पुढच्या महिन्यात. चाळीस तांडेलांना मी सांगून बसलोय, आता त्यांना काय तुझं नाव सांगू? सुमतीनं ते ऐकून घेतलं. यंत्रांच्या भाषेत सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काका, बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो," ती म्हणाली. "पण कधीतरी दिवा लागतो आणि निरोप कुणाकडेच पोचलेला नसतो."

हातोडे वाजत राहिले. धर्मराजांनी कुणाला तरी थांबवलं, आणि मग मागे नुसता पाऊस उरला.

"दिवा लागतो?"

"लागतो."

"आनि कोनालाच ठाव नाय?"

"कोणालाच नाही. आमचं यंत्रच मधे थांबतं."

"मंग बाय, तो डबा नसला तरी चालंल," धर्मराज म्हणाले. आवाज खाली आला होता. "नाय पोचला, तं नाय म्हून सांगाव त्यानं. मानूस वायरलेसवर वरडंल, शेजारच्या बोटीला बत्ती दावंल, पिंपाला मिठी मारंल. दिवा लागला म्हंजे तो गप बसून वाट बघंल. वाट बघत बसवून मारू नये कोनाला."

सुमतीनं वहीतल्या 'धरू नये'च्या ओळींवर एक लांब रेघ मारली.

"हाईस ना गो लाईनीवर?"

"आहे, काका."

"ऐक. मी आज सांजच्याला तांडेलांना सांगनार. काय सांगनार ते तुला परत बोलून दावतो. आमच्यात वायरलेसवर असाच असतो, ऐकनाऱ्यानं परत बोलून दावला तवाच पोचला समजाचा. डबं तीन आठवडं नाय. दिवा कवातरी खोटा लागतो, कारन तुमचं यंत्र मधीच बंद पडतं. बरोबर?"

"बंद नाही पडत. झोपतं. आणि उठल्यावर विचारत नाही, मधे काय झालं ते."

"झोपतं," धर्मराज सावकाश म्हणाले, जसं काही लिहून घेत असावेत. "आनि उठल्यावर इचारीत नाय, मधी काय झाला. आता बरोबर?"

सुमतीनं फोन कानाला घट्ट धरला. तिचंच वाक्य होतं, दुसऱ्याच्या तोंडून, एकही शब्द न सांडता परत आलेलं. असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिनं आठवून पाहिलं, आणि आठवलं नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

"मंग तुजं नाव सांग. तेपन परत बोलून दावतो."